पुसलेल्या टेपांची पुस्तकं

१९६१ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बीबीसीने सात आठवडे 'ए फॉर अँड्रोमेडा' नावाची मालिका दाखवली. यॉर्कशरमधल्या नव्याकोऱ्या रेडिओ दुर्बिणीला देवयानीच्या दिशेकडून एक संदेश मिळतो. तो उलगडून पाहावा, तर त्यातून एक प्रचंड संगणक कसा बांधायचा याची कृती निघते. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, लष्कराच्या देखरेखीखाली तो संगणक उभा राहतो आणि मग तोच शास्त्रज्ञांना सजीव घडवायला शिकवतो. शेवटी प्रयोगशाळेत एक तरुणी तयार होते. ही भूमिका ज्युली ख्रिस्तीने केली होती. तेव्हा तिला फारसं कुणी ओळखत नव्हतं. कल्पना खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांची, पटकथेचा जोडीदार बीबीसीतला जॉन इलियट. मालिका संपली आणि पुढच्याच वर्षी दोघांच्या नावाने तिची कादंबरी निघाली.

त्या सात भागांपैकी आज एकच अख्खा शिल्लक आहे. बाकीच्यांचे काही तुकडे आणि काही छायाचित्रं. कादंबरी मात्र आजही मिळते. ज्या गोष्टीवर स्टुडिओ, नट, कॅमेरे, प्रकाशयोजना असा सगळा सरंजाम खर्च झाला ती गेली, आणि तिच्या मागोमाग काढलेलं पुस्तक राहिलं. विज्ञानकथेच्या टीव्ही भागांवरून लिहिलेल्या कादंबऱ्यांचा सगळा इतिहास या उलट्या न्यायाने चालतो. म्हणून मागोवा इथून घ्यायचा.

आणखी एका कारणाने मराठी वाचकाला ही तारीख ओळखीची वाटावी. ही मालिका लागत होती तेव्हा केंब्रिजमध्ये हॉईल यांच्या हाताखाली एक तरुण संशोधन करत होता: जयंत नारळीकर. हॉईल दिवसा विश्वरचनेचे सिद्धान्त मांडत आणि उरलेल्या वेळात 'द ब्लॅक क्लाउड'सारख्या कादंबऱ्या लिहीत. शास्त्रज्ञाने गोष्टी लिहाव्यात यात काही कमीपणा नाही, हे त्या शिष्याने जवळून पाहिलं. पुढे मराठीत 'वामन परत न आला' आली. जमिनीच्या पोटात सापडलेल्या, कुठल्याशा लुप्त संस्कृतीने मागे ठेवलेल्या ज्ञानावरून माणसं एक यंत्रमानव बांधतात आणि तो त्यांना डोईजड होतो. आकाशातून आलेली कृती आणि भूगर्भातून आलेली कृती यांचं गोत्र एक आहे. उसनवारी म्हणायचं कारण नाही. एका घराण्यातली चीज दुसऱ्या गळ्यातून वेगळी यायचीच.

टेपा पुसल्या का, हे आधी समजून घेतलं पाहिजे, कारण पुस्तकांचा जन्म त्यातच आहे. साठच्या दशकातली चित्रफीत दोन इंच रुंद आणि भलती महाग होती. तिच्यावरचं चित्रण पुसून ती पुन्हा वापरता येई, आणि हिशेबनीस लोकांना तोच तिचा मोठा गुण वाटे. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे एखादा कार्यक्रम पुन्हा दाखवण्यावर बंधनं होती. घरोघरी व्हिडिओ येईल, लोक जुने भाग पैसे देऊन विकत घेतील, ही कल्पना तर विज्ञानकथेतही कुणी फारशी मनावर घेतली नव्हती. टीव्ही म्हणजे नाटकाचा प्रयोग. झाला, पडदा पडला, संपला. त्याहीआधी, १९५३ सालचं 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट' थेट प्रक्षेपित झालं होतं. सहापैकी पहिल्या दोन भागांचंच चित्रण शिल्लक आहे. नायजेल नील यांच्या त्या मालिकेची पेंग्विनने १९५९ मध्ये पटकथाच छापली, नाटकाची संहिता छापावी तशी. तो एक मार्ग होता, पण पुढे कुणी त्या वाटेने फारसं गेलं नाही. पटकथा वाचायची तर मनातल्या मनात दिग्दर्शन करावं लागतं, आणि बारा वर्षांच्या मुलाला ते नको असतं. त्याला गोष्ट हवी असते.

बारा वर्षांची मुलं म्हटलं की २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झालेली 'डॉक्टर हू' आली. पोलिसांच्या निळ्या खोक्यात बसून काळात कुठेही जाणारा एक लहरी म्हातारा, म्हणजेच डॉक्टर, त्याची नात सुझन, आणि तिच्या मागोमाग त्या खोक्यात शिरून अडकलेले तिच्या शाळेतले दोन शिक्षक. दुसऱ्याच कथेत डालेक आले, धातूच्या कवचात बसून कर्कश आवाजात सगळ्यांना नष्ट करू पाहणारे, आणि सारा ब्रिटन त्यांच्यामागे वेडा झाला. टेरी नेशन यांच्या त्या सात भागांच्या कथेची कादंबरी करायचं ठरलं, आणि १९६४ च्या नोव्हेंबरात फ्रेडरिक म्युलर या प्रकाशकाने ती काढली. लिहिली डेव्हिड व्हिटेकरने. तो मालिकेचा पहिला कथा-संपादक, म्हणजे मूळ पटकथेवरून हात फिरवलेला माणूस.

व्हिटेकरपुढची अडचण साधी होती. डालेकांची कथा ही मालिकेतली दुसरी. ही मंडळी एकमेकांना भेटली कशी, खोक्यात शिरली कशी, हे पहिल्या कथेत घडून गेलेलं. पण पुस्तक तर एकटंच दुकानात उभं राहणार. तेव्हा त्याने पहिली भेट सरळ नव्याने रचली. टीव्हीवर ते दोन शिक्षक, इयन आणि बार्बरा, एकाच शाळेत शिकवतात. पुस्तकात ते एकमेकांना ओळखतही नाहीत. इयन नोकरीच्या मुलाखतीहून परतत असतो. बार्न्स कॉमनवर दाट धुकं, रस्त्यावर अपघात झालेली मोटार, जखमी बार्बरा, आणि धुक्यातून येणारा एक विचित्र म्हातारा. शाळा गेली, वर्ग गेला. आली ती जुन्या इंग्रजी भयकथेची सुरुवात. शिवाय सगळी कादंबरी इयन स्वतः सांगतो, म्हणजे जिथे इयन नाही तिथे वाचकही नाही. पडद्यावर कॅमेरा वाटेल तिथे जाऊ शकतो. व्हिटेकरने ती मोकळीक आपण होऊन सोडली आणि बदल्यात एक माणूस मिळवला, ज्याला भीती वाटते, जो चुका करतो, ज्याला त्या म्हाताऱ्याचा राग येतो. शेवटाकडे तर त्याने काचेच्या कवचातला एक डालेक-प्रमुख आणला, जो पडद्यावर नव्हताच.

या जातीच्या पुस्तकांचा हा पहिलाच मोठा नमुना, आणि त्यातच दोन्ही वाटा दिसतात. जे दाखवलं ते कागदावर उतरवणं ही एक. जे दाखवलं त्याच हाडांवर दुसरं शरीर चढवणं ही दुसरी. पुढची साठ वर्षं लेखक या दोन वाटांवर ये-जा करत राहिले. व्हिटेकरने नंतर स्वतःच्याच पटकथेवरून 'डॉक्टर हू अँड द क्रूसेडर्स' लिहिलं, बिल स्ट्रटनने आपल्या कीटक-ग्रहाच्या कथेचं पुस्तक केलं, आणि तीन पुस्तकांवर म्युलरचा उत्साह संपला.

तिकडे अमेरिकेत १९६७ च्या जानेवारीत बँटमने 'स्टार ट्रेक'चं पहिलं पुस्तक काढलं. मालिकेचा पहिलाच हंगाम चालू होता. काम दिलं होतं जेम्स ब्लिशला, ज्याने 'अ केस ऑफ कॉन्शन्स'साठी ह्यूगो पुरस्कार मिळवला होता. म्हणजे हा कुणी किरकोळ भाषांतर्‍या नव्हता. पण पैसे बरे होते, आणि त्याच्या कष्टाच्या कादंबऱ्यांना मिळाले नसतील इतके वाचक या पातळ पुस्तकांना मिळाले. ब्लिश मालिका बघून लिहीत नसे. त्याच्याकडे पटकथा येत, त्याही पुष्कळदा आधीच्या खर्ड्याच्या. त्यामुळे पुस्तकातले संवाद, कधीकधी कथेचे तपशीलही पडद्याशी जुळत नाहीत. पन्नास मिनिटांचा भाग तो वीस-पंचवीस पानांत बसवी. पहिल्या पुस्तकात तब्बल सात.

या घाईत एकदा मात्र तो थांबला. 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' हा भाग एप्रिल १९६७ मध्ये लागला. यानावरचा डॉक्टर मकॉय औषधाच्या भरात काळाच्या दारातून १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये जातो आणि इतिहास बदलतो. तो पूर्ववत करायचा तर कप्तान कर्कला, जिच्यावर त्याचा जीव जडलाय त्या ईडिथ कीलरला मोटारीखाली मरू द्यावं लागतं. हार्लन एलिसनने लिहिलेल्या मूळ पटकथेवर इतरांनी इतके हात फिरवले होते की तो आयुष्यभर त्यावरून भांडत राहिला. त्याच्या मूळ लेखनात शेवटच्या क्षणी कर्कचं मन कच खातं. ब्लिशपुढे दोन्ही रूपं होती. त्याने एलिसनचं थोडं, पडद्याचं थोडं असं घेऊन तिसरं रूप केलं आणि तसं वाचकाला सांगितलंही. म्हणजे त्या कथेची निदान तीन अस्सल रूपं झाली. कीर्तनकाराला यात काही नवल वाटणार नाही. आख्यान एक, मांडणी ज्याची त्याची.

ब्लिश १९७५ मध्ये वारला. बारावं पुस्तक त्याच्या पत्नीने, जे. ए. लॉरेन्सने पुरं केलं. तोवर त्याच मालिकेची व्यंगचित्र आवृत्ती येऊन गेली होती, बावीस भागांची, भाग जेमतेम अर्ध्या तासाचा. त्यांची पुस्तकं करायचं काम ॲलन डीन फॉस्टरकडे आलं. त्याने आधी तीन-तीन भागांचं एक पुस्तक केलं. खप वाढला तशी भाग संपत आल्याची चिंता प्रकाशकाला लागली, आणि शेवटच्या चार पुस्तकांत एकेका भागाची अख्खी कादंबरी झाली. बावीस मिनिटांच्या मजकुरातून दोनशे पानं. फॉस्टरने मूळ भाग लवकर आटोपून उरलेली जागा स्वतःच्या कल्पनेने भरली. माझं मत विचाराल तर सांधा दिसतो. पण व्यवहार म्हणून पाहिलं तर एका बैठकीत संपणाऱ्या भागाची स्वतंत्र कादंबरी होऊ शकते, हे त्याने दाखवून दिलं.

आता पुन्हा लंडनला. १९७३ मध्ये युनिव्हर्सल-टँडम या प्रकाशनसंस्थेने मुलांसाठी 'टार्गेट' ही नवी मुद्रा सुरू केली. तिचे संपादक रिचर्ड हेनवुड जुनी, स्वस्तात पुन्हा छापता येतील अशी पुस्तकं शोधत होते, तेव्हा त्यांना म्युलरची ती तीन विस्मृत पुस्तकं सापडली. मेमध्ये तिन्ही बाजारात आली आणि हातोहात खपली. हेनवुडनी बीबीसीकडे आणखी मागितली. तिथे कथा-संपादकाच्या खुर्चीवर टेरन्स डिक्स होते. त्यांनी लेखक शोधायचं कबूल केलं आणि पहिलं नाव स्वतःचंच सुचवलं.

डिक्सनी साठाहून अधिक पुस्तकं लिहिली. इतक्या लिखाणाला समीक्षक कारखाना म्हणतात, आणि काही पुस्तकांपुरतं ते खरंही आहे. ऐन भरात असताना महिन्याला एक या गतीने लिहिणाऱ्याकडून वेगळी अपेक्षा धरू नये. पण त्यांचं पहिलं पुस्तक 'द ऑटन इन्व्हेजन' उघडून बघावं. रॉबर्ट होम्सची मूळ कथा: दुकानांच्या काचांमागे उभे असलेले प्लास्टिकचे पुतळे जिवंत होऊन रस्त्यावर येतात. डिक्सची वाक्यं आखूड, क्रियापदं नेमकी. कोण कुठे उभा आहे याचा गोंधळ कधी होत नाही. खोकं प्रकट होतं तेव्हाचा धापा टाकल्यासारखा, कण्हल्यासारखा आवाज त्यांनी एकदा शब्दांत पकडला आणि पुढे तेच शब्द पुस्तकामागून पुस्तकात आले. वाचकाला ते चालत, नव्हे हवेच असत. पोवाड्यातलं ध्रुवपद जसं. सव्वाशे पानांत पंचवीस-पंचवीस मिनिटांचे चार भाग, काहीवेळा सहा. दर पंचवीस मिनिटांनी कुणीतरी कड्यावर लोंबकळत राहणं, मधल्या वेळात लांबलचक बोळांतून धावपळ. टीव्हीला ही धावपळ वेळ काढायला लागे. डिक्स ती दोन ओळींत संपवत.

मला स्वतःला मात्र माल्कम हल्क अधिक जवळचा वाटतो. हल्क डाव्या विचारांचा, काही काळ कम्युनिस्ट पक्षातला माणूस. त्याचा 'द केव्ह-मॉन्स्टर्स' जानेवारी १९७४ मध्ये डिक्सच्या पहिल्या पुस्तकाबरोबरच निघाला. पडद्यावर गुहेतले सरडेमानव म्हणजे रबराचे मुखवटे घातलेले नट, बिननावाचे, तिसऱ्या डोळ्यातून प्रकाश फेकणारे. पुस्तक सुरू होतं ते माणसांपासून नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी ओक्डेल नावाचा एक सरडेमानव आकाशातून जवळ येणारं संकट पाहतो आणि आपल्या लोकांना घेऊन जमिनीखाली दीर्घ निद्रेला जातो. त्याला सहकारी आहेत, शत्रू आहेत, संशय आहेत. मग कोट्यवधी वर्षांनंतर जाग येते, आणि वर पाहावं तर आपल्या घरात केसाळ माकडांची वंशावळ राहायला आलेली. आक्रमक कोण, हा प्रश्न मूळ पटकथेतही होता. पण मुखवट्याआड तो दबून जाई. हल्कने मुखवटा काढला. किरकोळ पहारेकऱ्यांनाही तो दोन-चार वाक्यांचं चरित्र देतो: घरी कोण आहे, नोकरीत कुठे अडकलाय. मग तो पहारेकरी मरतो तेव्हा कुणीतरी मेलेलं असतं.

पैशाचा मुद्दा इथे विसरून चालत नाही. बीबीसीकडे ग्रह उभा करायला वाळूची खाण असे आणि राक्षस उभा करायला रबर. कागदावर ग्रह फुकट. 'डॉक्टर हू'चे राक्षस पुस्तकात भयानक आणि पडद्यावर हास्यास्पद का, याचं उत्तर यापलीकडे शोधायला नको. त्याबदल्यात पुस्तकाला जे मिळत नाही ते मोठं आहे. डॉक्टर झालेल्या टॉम बेकरचे ते बटबटीत डोळे आणि दातांनी भरलेलं हसू कुठल्या वाक्यात बसवणार?

आणि मग टेपांचा घोळ. १९७८ च्या सुमाराला बीबीसीत पुसापुशी थांबली तोवर 'डॉक्टर हू'च्या पहिल्या सहा वर्षांतले शंभराहून अधिक भाग गेले होते. पुढे काही सापडले. परदेशी वाहिन्यांना विकलेल्या फिल्म-प्रती कुठल्या तरी कपाटात निघत; १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हाँगकाँगहून 'द टूम ऑफ द सायबरमेन' आली, २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातून एकदम नऊ भाग आले. तरी नव्वदहून अधिक भाग अजून बेपत्ता आहेत. त्यांचा आवाज तेवढा आहे, कारण मुलांनी घरी टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर धरून ठेवले होते.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत वाढलेल्या ब्रिटिश मुलाला हे काही माहीत नव्हतं. त्याला इतकंच कळे की आपल्या जन्माआधीच्या गोष्टी बघायची सोय नाही आणि वाचनालयात एक फडताळ आहे. तिथे वेगवेगळ्या नटांनी रंगवलेले डॉक्टरचे सगळे अवतार आहेत, मुखपृष्ठावर ख्रिस अकिलिओसने ठिपक्याठिपक्यांनी काढलेला चेहरा आहे. त्या मुलासाठी पुस्तक हाच मूळ ग्रंथ. 'द वेब ऑफ फिअर' घ्या: लंडनच्या भुयारी रेल्वेत केसाळ यती शिरतात, आणि डॉक्टरची गाठ पडते कर्नल लेथब्रिज-स्टुअर्टशी, जो पुढे ब्रिगेडियर म्हणून मालिकेचा खांब झाला. नायजेरियाहून ही कथा परत आली, पण कर्नल जिच्यात पहिल्यांदा ठळकपणे येतो तो तिसरा भाग अजूनही नाही. डिक्सचं पुस्तक १९७६ पासून आहे. बोगद्यातली ती पहिली गाठ त्यांनी त्यात लिहिली, आणि पुढे या ओळखीतून काय काय होणार आहे याची कुणकुणही वाचकाला दिली. १९६८ च्या प्रेक्षकाला ते ठाऊक असणं शक्य नव्हतं. पुस्तक आठ वर्षांनी लिहिलं गेल्याचा हा फायदा.

पण पुस्तकाला साक्षीदार मानायचं तर डोनल्ड कॉटनकडे बघून जपून राहावं. त्याची 'द मिथ मेकर्स' ही १९६५ सालची ट्रॉयच्या युद्धावरची चार भागांची कथा. चारही भाग गायब. वीस वर्षांनी त्याने तिचं पुस्तक केलं आणि निवेदक नेमला खुद्द होमर. झालेल्या युद्धाबद्दल आपण काय लिहिलं आणि खरं काय घडलं, हे तो कवी मिश्कीलपणे सांगत सुटतो. पुढे रोमच्या कथेवरचं पुस्तक त्याने पत्रं, रोजनिश्या अशा कागदपत्रांतून रचलं. 'द मिथ मेकर्स'चा पडदा हरवलाय हे माहीत असूनही, किंवा माहीत असल्यामुळेच, त्याने नोंद ठेवण्याऐवजी मजा केली. या फडताळातली सगळ्यात धमाल पुस्तकं त्याची आहेत असं माझं म्हणणं, आणि पुराव्याच्या दृष्टीने सगळ्यात निरुपयोगीही.

आपल्याकडे हा ओघ जवळजवळ नेहमी उलटा वाहिला. 'चिमणराव', 'गोट्या', 'स्वामी': आधी पुस्तक, मग दूरदर्शन. मालिका बघून लोक ग्रंथालयात जात ते असलेलं पुस्तक पुन्हा वाचायला. मालिकेतून पुस्तक करावं अशी निकड मराठी प्रकाशकाला वाटली नाही, कारण चांगल्या मालिकेमागे बहुधा चांगलं पुस्तक आधीच उभं असे.

१९८३ मध्ये 'डॉक्टर हू'ची एक कथा पहिल्यांदाच व्हिडिओ कॅसेटवर आली. महाग होती, पण दार उघडलं. दशक संपेपर्यंत जुनं बघायला मिळू लागलं आणि डिक्सच्या पद्धतीच्या पुस्तकाची गरजच काढून घेतली गेली. याच काळात पुस्तकं जाडजूड आणि महत्त्वाकांक्षी झाली, हा योगायोग नाही. बेन ॲरोनोविचने स्वतःच्या १९८८ च्या पटकथेवरून 'रिमेंबरन्स ऑफ द डालेक्स' लिहिलं. त्यात तो एका विद्रूप, स्वकीयांनीही झिडकारलेल्या डालेकच्या मनात शिरतो, भविष्यात लिहिल्या जाणाऱ्या काल्पनिक इतिहासग्रंथांचे उतारे देतो. बघितलेल्या माणसाने का वाचावं, याचं उत्तर प्रत्येक प्रकरणात असलेली ही कादंबरी.

१९८९ मध्ये मालिका बंद पडली. रूपांतर करायला कथा उरेनात, तेव्हा १९९१ पासून त्याच घराण्यातल्या प्रकाशकाने स्वतंत्र कादंबऱ्या सुरू केल्या. त्यातली पॉल कॉर्नेलची 'ह्यूमन नेचर' १९९५ ची. डॉक्टर माणूस होऊन, स्वतःला विसरून, पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर एका इंग्रजी शाळेत शिकवत राहतो. २००७ मध्ये, मालिका पुन्हा सुरू झाल्यावर, कॉर्नेलनेच तिचे दोन टीव्ही भाग लिहिले.

एक मोठं भोक मात्र त्या फडताळात कायम होतं: डग्लस ॲडम्स. त्याने 'डॉक्टर हू'साठी तीन कथा लिहिल्या. 'सिटी ऑफ डेथ' १९७९ मध्ये लागली तेव्हा प्रतिस्पर्धी वाहिनी आयटीव्हीवर संप होता आणि शेवटच्या भागाला एक कोटी साठ लाखांच्या आसपास प्रेक्षक मिळाले. पॅरिसमधला एक उमराव, खरं तर चाळीस कोटी वर्षांपूर्वी यान फुटून काळात बारा तुकडे झालेला परग्रहवासी, लूव्हरमधून 'मोना लिसा' चोरायला निघालाय. तळघरात आणखी सहा 'मोना लिसा' तयार, सगळ्या लिओनार्दोच्याच हातच्या. सात गुप्त गिऱ्हाइकांना एकेक विकायची. डॉक्टर मग १५०५ मध्ये जाऊन कोऱ्या फळ्यांवर मार्करने आधीच लिहून ठेवतो की ही नक्कल आहे.

मूळ आणि नकलेवरच्या या कथेचं पुस्तक छत्तीस वर्षं झालं नाही. स्वतःच्या 'हिचहायकर्स गाइड'नंतर ॲडम्सचा भाव असा वाढला की टार्गेटचं ठरलेलं मानधन त्याला परवडण्यासारखं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणी लिहावं हे त्याला पसंत नव्हतं. तो स्वतः मात्र आपल्या कथांची मोडतोड करून खुशाल वापरत होता. बीबीसीने न घेतलेली क्रिकेट खेळणाऱ्या संहारकांची कल्पना 'हिचहायकर्स'च्या तिसऱ्या पुस्तकात गेली. संपामुळे अर्धवट राहिलेल्या 'शाडा'मधला केंब्रिजचा विसराळू प्राध्यापक, काळात फिरणाऱ्या त्याच्या खोल्यांसकट, त्याच्या 'डर्क जेंटली' या कादंबरीत राहायला आला. ॲडम्स २००१ मध्ये वारला. 'शाडा'ची कादंबरी गॅरेथ रॉबर्ट्सने २०१२ मध्ये केली, 'सिटी ऑफ डेथ'ची जेम्स गॉसने २०१५ मध्ये. गॉसने प्रक्षेपित भागापेक्षा तालमीच्या संहितांचा आधार घेतला, म्हणजे तिथे नटांनी आणि दिग्दर्शकाने छाटलेलं बरंच काही परत आलं. ब्लिशने नाइलाजाने जे केलं होतं ते इथे निवडून केलेलं.

त्या फडताळापुढे वाढलेली मुलं आता मालिका चालवत होती. २०१८ मध्ये टार्गेटचा जुना शिक्का पुन्हा काढला गेला आणि रसेल टी. डेव्हिसने आपल्याच 'रोझ' या भागाचं पुस्तक लिहिलं; दुकानातले पुतळे तेच, डिक्सच्या पहिल्या पुस्तकातले. स्टीव्हन मॉफटने 'द डे ऑफ द डॉक्टर' लिहिताना प्रकरणांचे क्रमांक उलटसुलट करून टाकले. २५ नोव्हेंबर २०२३ ला 'द स्टार बीस्ट' लागला. मुळात ती १९८० ची चित्रकथा, पॅट मिल्स आणि डेव्ह गिबन्सची, 'डॉक्टर हू वीकली'त आलेली. तिच्यावरून डेव्हिसचा टीव्ही भाग, आणि त्या भागावरून गॅरी रसेलची कादंबरी. तिचं ई-पुस्तक आठवड्याच्या आत विक्रीला होतं. भाग तर ब्रिटनमध्ये बीबीसीच्या आयप्लेअरवर हवा तेव्हा बघता येत होताच. तरी जानेवारीत कागदी आवृत्ती आली.